स्पॅनिशमधला 'रीको': श्रीमंत, चविष्ट की आणखी काही?

निशिगंध_
नमस्कार लोकहो, ऑफिसच्या कामासाठी स्पॅनिश शिकतेय, ए१ ही पहिली पातळी झाली, आता ए२ च्या मागे लागलेय. क्रियापदं वगैरे रडतखडत जमतायत पण एका साध्या विशेषणाने वात आणलाय, 'रीको'. क्लासच्या पुस्तकात रीको म्हणजे श्रीमंत, विरुद्धार्थी पोब्रे, विषय संपला. मग ॲपवर 'ला सोपा एस्ता रीका' आलं, म्हणजे सूप चविष्ट झालंय, ते पण चालेल म्हटलं. पण आमची टीम मेक्सिको आणि कोलंबियात आहे, रोज आपल्या संध्याकाळी त्यांच्या सकाळी कॉल असतो आणि तिथे जो तो उठसूट 'के रीको' करत असतो. सोमवारी सुट्टी आहे, के रीको. बाहेर छान ऊन पडलंय, के रीको. त्यात परवा एकीने तिच्या भाच्याचा फोटो दाखवला तर माद्रिदच्या मॅनेजर बाई पण 'आय, के रीको!' आता ते चार महिन्यांचं बाळ श्रीमंत का चविष्ट??

दुसरी अडचण सेर आणि एस्तारची, दोन्ही क्रियापदांचा अर्थ 'असणे'. सरांनी सांगितलंय कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मग कालच लॉटरी लागलेला माणूस आत्तापुरताच श्रीमंत ना, त्याला एस्तार लावायचं का? आणि तिसरं म्हणजे हे विशेषण नामाच्या आधी येतं का नंतर, मला दोन्ही दिसतंय. गुगल करून झालंय, अर्थांची यादी मिळते, कुठला कधी ते कळत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतली_मास्तरीण
आधी ते कायमचं-तात्पुरतं डोक्यातून काढून टाका, त्याने निम्मी मुलं घोळात पडतात. चवीच्या बाबतीत आपल्याकडे मराठीतच सोय आहे, बघा. 'हापूस गोड असतो' आणि 'हा हापूस गोड आहे', दोन्ही वाक्यं आपण विचार न करता बोलतो, पहिल्यात हापूस नावाच्या प्रकाराबद्दल बोलतोय आणि दुसऱ्यात हातातल्या फळाबद्दल, जे कापून एक फोड तोंडात टाकलीय. स्पॅनिशमध्ये पहिल्याला सेर (वाक्यात 'एस'), दुसऱ्याला एस्तार (वाक्यात 'एस्ता'). 'एल मांगो एस रीको', आंबा हे फळ चवीला छान असतं. 'एस्ते मांगो एस्ता रीको', हा आंबा छान आहे. समोर ताट वाढलंय, तुम्ही घास घेतलाय आणि दाद द्यायचीय, तर डोळे मिटून एस्तार. यजमानांना 'ला सोपा एस रीका' म्हणालात तर समजतील ते, पण कानाला जरा विचित्र लागतं, म्हणजे त्यांनी केलेल्या सूपला दाद द्यायची सोडून तुम्ही सूप या पदार्थावर मत देताय.

पैशावाला श्रीमंत मात्र नेहमी सेर. तुमचा लॉटरीवाला पण. स्पेनमध्ये दर वर्षी २२ डिसेंबरला नाताळची मोठी लॉटरी निघते, १८१२ पासून चालू आहे, शाळेतली मुलं आकडे गाऊन सांगतात, २० युरोचं तिकीट (खरं तर तिकिटाचा दहावा भाग, त्याला देसिमो म्हणतात) लोक ऑफिसात वर्गणी काढून घेतात. त्यात पहिलं बक्षीस लागलं तर तो माणूस त्याच दुपारी 'एस रीको', संध्याकाळपर्यंत सगळे पैसे उडवणार असला तरी. श्रीमंत झाला हे सांगायचं तर 'से आ एचो रीको'. माणसाला 'एस्ता रीको' म्हटलं तर अर्थ फार वेगळा होतो, ते इथे कोणीतरी सांगेलच.

बाकी लिंग-वचन नेहमीसारखं, रीको, रीका, रीकोस, रीकास. विसरायला होत असेल तर नकाशा आठवा, पुएर्तो म्हणजे बंदर पुल्लिंगी म्हणून पुएर्तो रीको आणि कोस्ता म्हणजे किनारा स्त्रीलिंगी म्हणून कोस्ता रीका. एवढं एक पाठ असलं की बाकीची विशेषणं पण त्याच वळणाने जातात. आपल्याला श्रीमंत, छान, मस्त ही न बदलणारी विशेषणं वापरायची सवय, त्यामुळे पोरं सर्रास 'ला पिझ्झा एस्ता रीको' ठोकतात.

शंकेखोर
ताई, असतो/आहे भारी आहे पण मला पटलं नाही. 'तो श्रीमंत आहे' यात पण 'आहे'च आहे की, मग तिथे एस्तार का नाही? 'ती डॉक्टर आहे', 'ते मराठी आहेत', सगळीकडे आपण आहे म्हणतो आणि स्पॅनिशमध्ये सगळीकडे सेर. उलट मेलेला माणूस 'एस्ता म्वेर्तो', त्याच्याइतकं कायमचं काय असणार, तरी एस्तार. आणि पार्टी अमक्याच्या घरी आहे, याला सेर. जागा सांगायला एस्तार असं शिकवतात आणि कार्यक्रमाची जागा आली की गपचूप सेर लावतात.

पेठेतली_मास्तरीण
@शंकेखोर, म्हणून तर 'चवीच्या बाबतीत' लिहिलं हो. नियम चवीपुरताच आहे, मिठासारखा, जास्त घातलात तर बिघडेल. माणूस कोण आहे, कुठला आहे, काय करतो याला सेर आणि श्रीमंती त्यांनी त्याच खात्यात टाकलीय, एवढं मान्य करून पुढे जायचं. म्वेर्तोमध्ये कायमचं का तात्पुरतं हा प्रश्नच नसतो, काहीतरी घडून गेल्यावर उरलेली अवस्था असते, तसंच 'एस्ता कासादो', लग्न झालंय. आपण पण तिथे 'झालंय' म्हणतो, 'लग्न आहे' म्हटलं तर लोक पत्रिका मागतील. जेवणालाही आपण 'छान झालंय' म्हणतो बघा, भाजी मस्त झालीय, ते झालंय म्हणजे एस्तारच.

अशा जोड्या खूप आहेत आणि त्या एकदम शिकलेल्या बऱ्या. लिस्तो: सेर लावलं तर हुशार, एस्तार लावलं तर तयार. वेर्दे: सफरचंद सेरने हिरव्या रंगाचं, एस्तारने कच्चं. मालो: सेरने माणूस वाईट, एस्तारने आजारी आणि दुधाला लावलं तर नासलेलं. आबुर्रीदो: सेरने कंटाळवाणा, एस्तारने कंटाळलेला. यातलं शेवटचं मीटिंगमध्ये बोलताना जपून.

मांसानारेसकाठी
मी सात-आठ वर्षं माद्रिदमध्ये आहे (नदीचं नाव मान्सानारेस, आपल्या मुळामुठेपेक्षा पाणी कमीच असेल), तर इकडचं सांगतो. बाळाला 'के रीको' म्हणजे किती गोड! लहान पोराला, नातवाला, शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाला पण म्हणतात. 'के निन्यो मास रीको', काय गोड पोरगं आहे. आपण पण बाळाला गोडच म्हणतो, खाऊ का तुला म्हणून गालगुच्चा घेतो, त्यामुळे आपल्याला यात दचकायचं काही कारण नाही. त्यावरून 'रिकूरा' असं नाम पण आहे, लाडाने हाक मारायला.

आता सावधगिरीच्या गोष्टी. मोठ्या माणसांना इथे 'मीरा, रीका' किंवा 'ओये, रीको' म्हटलं की ते कौतुक नसतं, ते 'हे बघ बाई' किंवा 'हे बघा साहेब' अशा तिरक्या सुरातलं असतं, रांगेत मध्ये घुसणाऱ्याला किंवा पार्किंगवरून भांडताना ऐकू येतं. सूर ऐकायचा, शब्दकोश नाही. आणि मास्तरीणबाईंनी अर्धवट सोडलंय ते पूर्ण करतो, मोठ्या माणसाला एस्तार लावून रीको म्हणणं म्हणजे त्याच्या शरीराकडे बघून लाळ गाळणं, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चालतं ते सडकछाप भाषेत. स्पेनमध्ये तेच काम ब्वेनो (चांगला) करतो. 'एस ब्वेनो' म्हणजे तो भला माणूस आहे आणि 'एस्ता ब्वेनो' म्हणजे दिसायला फाकडू आहे, तेही गल्लीतल्या पोरांच्या भाषेत. सूपला मात्र 'एस्ता ब्वेना' बिनधास्त म्हणा, 'एस्ता ब्वेनीसिमा' म्हटलंत तर स्वयंपाकघरातून बाहेर येऊन अजून एक पळी वाढतील. निशिगंध, तुमच्या क्लायंटने स्वतःची ओळख करून दिली आणि तो फार सज्जन वाटला तर सेर लावा हो, प्लीज.

स्पेनमध्ये जेवण चांगलं झालं की सगळ्यात जास्त ऐकू येतं 'एस्ता मुई रीको' आणि 'एस्ता मुई ब्वेनो', 'देलिथियोसो' (स्वादिष्ट) फार कोणी म्हणत नाही, ते जरा जाहिरातीतल्यासारखं वाटतं. मला तरी.

खारे_दाणे
वाचनखूण साठवली. 'रीको' म्हणजे आपल्याकडे रिकामाच वाटतो ऐकायला, खिसा रीको तर नक्की कुठला अर्थ घ्यायचा :)

बोगोता_रिटर्न
कोलंबियात कंपनीने पाठवलं होतं, तेव्हा थोडं माझ्याकडून. तिथे 'के रीको' म्हणजे आपलं 'वा, मस्त!' जेवणाशी संबंध असलाच पाहिजे असं काही नाही. तुमच्या सोमवारच्या सुट्टीचं तर विशेष आहे, कोलंबियात १९८३ मध्ये एक कायदा केला, लेय एमिलियानी म्हणतात त्याला, त्याने बऱ्याचशा सुट्ट्या मूळ तारखेवरून उचलून पुढच्या सोमवारी नेऊन ठेवल्या, त्यामुळे वर्षभर जोडून सुट्ट्या येत राहतात आणि शुक्रवारी दुपारपासून ऑफिसात के रीको, के रीको चालू होतं. सुट्टीच्या अशा जोडणीला प्वेन्ते म्हणतात, पूल. बरेच दिवसांनी कोणी भेटलं तर 'के रीको बेर्ते', तुला बघून किती बरं वाटलं. यात चावटपणा काही नाही, काकू लोक पण म्हणतात, मावशी मावशीला म्हणते. वारा सुटला तर 'के रीका ला ब्रीसा'. इथे बघा, वारा स्त्रीलिंगी म्हणून रीका झालं, पण नुसतंच के रीको म्हणून वारा, ऊन, सुट्टी सगळ्याला एकत्र दाद देतात तेव्हा रीकोच राहतं.

आणि एक गंमत जी पुस्तकात सहसा नसते, तिथे रीको क्रियाविशेषण म्हणून पण चालतो आणि तेव्हा तो बदलत नाही. 'वेले रीको', छान वास येतोय. 'दोर्मी रीको', मस्त झोप झाली. 'मी मामा कोसीना रीको', आई छान स्वयंपाक करते, इथे आई स्त्रीलिंगी असली तरी रीका होत नाही कारण तो शब्द आईला लागलेला नाही, रांधण्याला लागलाय. आपण पण 'ती छान गाते' म्हणतो तसंच. माद्रिदकर सांगतील, पण स्पेनमध्ये अशा जागी 'ब्येन' ऐकू येतं, 'वेले ब्येन'.

कॉफीला तिथे तिंतो म्हणतात, साधी काळी कॉफी, रस्त्यावर थर्मासमधून छोट्या कपात विकतात. 'उन तिंतिको ब्येन रीको', एक फक्कड कॉफी. हेच स्पेनमध्ये तिंतो मागितलं तर रेड वाईन येईल. म्हणजे सकाळी नऊ वाजता मागणार असाल तर देश कुठला ते बघून मागा.

मांसानारेसकाठी
+१, इकडे वेले ब्येन. दोर्मी रीको कधी ऐकलं नाही.

मडगांवकार
गोंयांत पोर्तुगीज शिकलेली बरीच जाणती माणसं आहेत, माझी आजी त्यातली. पोर्तुगीजमधला रीकु दिसायला अगदी हाच, पण तो मुख्यतः श्रीमंत. जेवणाला ती 'एश्ता बों' म्हणायची, म्हणजे तुमचं ब्वेनोवालं. सेर-एस्तारची भानगड तिकडे पण आहे, सुटका नाही.

जुनी_पाने
थोडं अवांतर, पण मुळाशी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा रीको लॅटिनमधून आलेला नाही, स्पॅनिशमध्ये अशी थोडीच रोजची विशेषणं असतील. तो आला गॉथिकमधून. रोमन साम्राज्य ढासळल्यावर पश्चिमेकडचे गॉथ इबेरियात राज्य करायला आले, त्यांच्या भाषेत 'रेइक्स' म्हणजे सत्ताधारी, बलवान. जर्मनमधला राइख त्याच घराण्यातला, आणि अजून मागे गेलं की लॅटिनमधला रेक्स आणि संस्कृतातला राजन् पण त्याच मुळाचे. म्हणजे रीको आणि आपला राजा दूरचे चुलत भाऊ.

मध्ययुगात कास्तील आणि आरागोन या स्पेनमधल्या राज्यांत वरच्या दर्जाच्या सरदारांना 'रीकोस ओम्ब्रेस' म्हणत. तिथे रीको म्हणजे नुसता पैसेवाला नाही, मानमरातब असलेला, राजाच्या दरबारात बसणारा. मग हुद्दा मागे पडला आणि पैसा राहिला. आपल्या श्रीमंतचं तेच झालंय की, 'श्रीमंत बाजीराव पेशवे' यातला श्रीमंत हा किताब आहे, त्यांच्या बँक खात्याबद्दलचं मत नाही, पेशव्यांच्या डोक्यावरचं कर्ज बघितलं तर अजिबातच नाही. आज तोच शब्द फ्लॅटवाल्याला लावतो. स्पॅनिश त्याच्याही पुढे गेली, भरपूर असलेलं, मग कसदार, मग चवीला भरलेलं, मग गोड बाळ. सगळे अर्थ एकाच रस्त्यावर लागतात, फक्त थांबे वेगवेगळे.

त्या 'भरपूर'वाल्या अर्थाचा अवशेष अजून रोज वापरात आहे, 'रीको एन', अमुक एका गोष्टीने समृद्ध. 'लास लेन्तेखास सोन रीकास एन येर्रो', मसुरात लोह भरपूर असतं. पाकिटांवर सतत दिसेल. इथे सेरच, कारण मसूर या धान्याचा गुण सांगतोय.

आणि वर कोस्ता रीकाचा विषय निघालाच आहे तर, कोलंबस १५०२ मध्ये त्याच्या चौथ्या सफरीत त्या किनाऱ्याला लागला आणि तिथल्या लोकांच्या अंगावर सोन्याचे दागिने दिसले, त्यावरून सोन्याच्या आशेने हे नाव पडलं असं सांगतात. नाव त्याने दिलं का नंतर आलेल्यांनी, यावर वाद आहे. सोनं काही हाती लागलं नाही म्हणावं इतकं. पुएर्तो रीकोची उलटापालट तर मजेशीर आहे, बेटाचं नाव होतं सान ह्वान आणि बंदराच्या गावाचं पुएर्तो रीको, पुढे अदलाबदल होऊन बेट झालं पुएर्तो रीको आणि गाव सान ह्वान.

निशिगंध_
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. मास्तरीणताई, असतो/आहे लगेच डोक्यात बसलं. दोन गोष्टी राहिल्या. नामाच्या आधी का नंतर, ते कोणीच नाही सांगितलं. आणि पुढच्या महिन्यात ती मंडळी पुण्यात येतायत, जेवणाच्या मेनूचं स्पॅनिश करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजी मेनूत 'रिच ग्रेव्ही' असं जिकडेतिकडे लिहिलंय, तिथे रीका लिहू का? शिवाय रिकीसिमो (अतिशय रीको) लिहिताना मध्येच क्यू कुठून येतो?

पेठेतली_मास्तरीण
क्यूचं सोपं आहे. स्पॅनिशमध्ये सी अक्षरापुढे ओ किंवा आ आला तर 'क' आणि इ किंवा ए आला तर 'स' (स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी 'थ'). रीकोला इसिमो जोडताना सी तसाच ठेवला तर 'रिसीसिमो' वाचतील, म्हणून क टिकवायला क्यू आणि यू. म्हणून रिकेसा, श्रीमंती, यात पण क्यू. उच्चार करताना सुरुवातीचा र घोळवायचा, जीभ थरथरली पाहिजे, एकदाच टेकवून सोडायची नाही. क मात्र आपलाच, हवा न सोडता. इंग्रजी माणसाला तो जमायला वेळ लागतो, आपल्याला फुकटात मिळालाय.

रिच ग्रेव्हीला रीका अजिबात नको. इंग्रजीत रिच म्हणजे लोणी, साय, काजू घालून जड केलेलं, स्पॅनिशमध्ये रीका म्हणजे नुसतं चवदार. पाहुण्याचं पोट नाजूक असेल तर त्याला ते जडपण कळायलाच हवं, त्यामुळे घटकच लिहा सरळ, काजू आणि साय घातलेला रस्सा. 'कोन क्रेमा इ आनाकार्दोस'. मेक्सिकोत काजूला 'नुएस दे ला इंदिया' म्हणतात, भारताचा अक्रोड, ते लिहिलंत तर जेवायला बसण्याआधी गप्पांना विषय मिळेल. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला, पण त्यांना नाव आपलं.

बोगोता_रिटर्न
आधी-नंतरचं मी सांगतो. माणूस असेल तर साधारणपणे नंतर, 'उन ओम्ब्रे रीको', श्रीमंत माणूस. पदार्थ असेल आणि कौतुक करत, भूक चाळवत सांगायचं असेल तर आधी, 'उना रीका सोपा'. पाट्यांवर, मेनूवर, जाहिरातीत बहुतेक आधीच सापडेल. मेक्सिको सिटीत संध्याकाळी तीनचाकी सायकलवर मोठं पातेलं ठेवून तामालेस विकायला येतात, मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेले, आणि भोंग्यावर एकच रेकॉर्ड लावलेलं असतं, शहरभर तेच, जरा रडवेल्या आवाजातलं, 'आसेर्केसे इ पीदा सुस रीकोस तामालेस ओआखाकेन्योस', या आणि मागून घ्या तुमचे चविष्ट ओआखाकी (ओआखाका भागातले) तामालेस. तामालेस पुल्लिंगी अनेकवचनी म्हणून रीकोस, आणि विकायचेत म्हणून नामाच्या आधी. टीममध्ये मेक्सिको सिटीचं कोणी असेल तर त्यांना नुसतं 'सुस रीकोस तामालेस' म्हणा, पुढचं ते स्वतः त्याच सुरात म्हणून दाखवतील.

पोब्रेचं मात्र अर्थच बदलतं हां. 'उन ओम्ब्रे पोब्रे' म्हणजे गरीब माणूस, 'उन पोब्रे ओम्ब्रे' म्हणजे बिचारा, मग तो कोट्यधीश का असेना.

शंकेखोर
म्हणजे 'एल पोब्रे रीको', बिचारा श्रीमंत, हे चालेल?

मांसानारेसकाठी
चालेल की. फक्त पार्किंगमध्ये कोणाच्या तोंडावर म्हणू नका.